अक्षर नसलेल्या खेड्याचा इतिहास: घोड नदीकाठचे इनामगाव

खापरखुणा

नदीकाठच्या एखाद्या लहान गावाचा इतिहास लिहायला घेतला की आपण बहुधा कागदांकडे वळतो. देवळावरचा शिलालेख, वतनाचा महजर (गावसभेने साक्षीनिशी दिलेला निवाडा), इनामाची सनद, पेशवे दफ्तरातले एखादे पत्र, इंग्रजी अमलातली जमीनमोजणी असा माग काढत तीन-चारशे वर्षे मागे जाता येते. नशीब बलवत्तर असेल तर यादवकाळातला एखादा लेखही हाती लागतो. त्यापलीकडच्या काळाची 'गाव फार पुरातन आहे' या एका वाक्यावर बोळवण होते. हे मला मनापासून खटकते, म्हणून हा धागा काढत आहे.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर, इनामगाव येथे इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास एक खेडे वसले आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास उठले. या नऊशे वर्षांत तिथल्या कोणी एक अक्षर लिहून ठेवले नाही. तरीही तिथली घरे केवढी होती, दोन घरांमधून वाट कशी जात होती, गावाच्या मध्यभागी कोण राहत होते आणि कडेला कोण, माणसे काय पेरत होती आणि दगावलेल्या लेकरांना कुठे पुरत होती, हे आज आपल्याला बऱ्याच विश्वासाने सांगता येते. महाराष्ट्रातल्या असंख्य खेड्यांच्या अठराव्या शतकाबद्दलही इतके सांगता येत नाही.

हे साधले ते उत्खननाच्या पद्धतीमुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये तिथे काम सुरू केले आणि ते बारा हंगाम चालले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या तिघांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली आहेत. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी दख्खनमधल्या बहुतेक ठिकाणी उभा खड्डा घेऊन थरांचा क्रम लावण्यावर भर असे. त्यातून कोणत्या संस्कृतीनंतर कोणती आली हे कळते, पण गाव दिसत नाही. इनामगावला पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर आडवे, विस्तृत खोदकाम झाले आणि १३० हून अधिक घरांचे अवशेष उघडे पडले. एका काळातली अनेक घरे शेजारी शेजारी पाहता आली, तेव्हा कुठे आळी, शेजार, मोठे घर, लहान घर या गोष्टी बोलता झाल्या.

वस्तीचे तीन टप्पे मानले जातात. पहिला माळवा संस्कृतीचा, साधारण इ. स. पूर्व १६०० ते १४०० असा. दुसरा पूर्व जोर्वे, म्हणजे जोर्वे संस्कृतीचा आधीचा काळ, इ. स. पूर्व १४०० ते १०००. हा गावाच्या भरभराटीचा काळ. तिसरा उत्तर जोर्वे, म्हणजे त्याच संस्कृतीचा नंतरचा काळ, इ. स. पूर्व १००० ते ७००. पहिल्या टप्प्यात कुडाच्या भिंतींची मोठी आयताकृती घरे होती. जमिनीत खड्डा घेऊन त्यावर छप्पर घातलेले घरही सापडले आहे. पूर्व जोर्वे काळात आयताकृती घरे ओळीने बांधलेली दिसतात, त्यांची दिशा सारखी असते आणि मधून जायला वाट सोडलेली असते. कुणीतरी सांगितल्याशिवाय किंवा सगळ्यांनी मिळून ठरवल्याशिवाय असे होत नाही. उत्तर जोर्वे काळात मात्र लहान, गोल झोपड्या येतात, त्याही तीन-चारच्या पुंजक्याने.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ते वस्तीच्या मध्यभागी सापडलेले पाच खोल्यांचे घर. इतर घरांच्या मानाने ते बरेच मोठे आहे आणि त्याला लागून धान्याचे कोठार आहे. कोठारात कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे आहेत आणि धान्य साठवायची पेवेही आहेत. एका कुटुंबाला पुरेल त्याहून अधिक धान्य एका घराशेजारी साठत असेल, तर ते कोणाचे होते आणि कोणाच्या हातून वाटले जात होते, हा प्रश्न उभा राहतो. ढवळीकरांनी हे घर गावप्रमुखाचे मानले आणि कोठारात जमा होणारे धान्य हा गावाने दिलेला वाटा असावा असे मांडले. कुंभार, मणी घडवणारे, हस्तिदंताचे आणि सोन्याचे काम करणारे, चुना भाजणारे असे कारागीर वस्तीच्या पश्चिमेकडच्या कडेला राहत होते, असेही त्यांनी घरांतल्या अवशेषांवरून दाखवले. वाडा मध्ये आणि कारागिरांची घरे कडेला ही मांडणी आपण पुढच्या काळातल्या गावगाड्यात पाहतो. त्या दोहोंत सरळ नाते जोडायला माझी तयारी नाही, पण खेड्यातली उतरंड किती जुनी असू शकते याची जाणीव त्यातून नक्कीच होते.

या घराच्या अंगणात एक दफन सापडले. चार पाय असलेला मातीचा मोठा रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला सुमारे चाळिशीचा पुरुष. गावातल्या इतर प्रौढांना जमिनीत खड्डा घेऊन, डोके उत्तरेकडे करून उताणे झोपवलेले आहे आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली आहेत. रांजणातल्या माणसाची पावले शाबूत आहेत. हा माणूस गावात वेगळा होता, हे सांगायला शिलालेखाची गरज उरत नाही.

सदस्यांनी आपली माहिती, शंका आणि मतभेद जरूर मांडावेत.

सातबारा

लेख अभ्यासपूर्ण आहे. तरीही एक मूलभूत शंका विचारतो. ज्या वस्तीचा आपण इतिहास सांगत आहात ती इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास उठली. आजच्या इनामगावातील एकाही घराण्याचा, देवस्थानाचा किंवा शेताच्या नावाचा तिच्याशी संबंध दाखवता येणार नाही. मग याला 'गावाचा इतिहास' म्हणावे का? गाव म्हणजे शिवार, हद्द, वतने, देव आणि तिथे पिढ्यानपिढ्या नांदलेली माणसे. महजर किंवा मोजणीचे नकाशे त्या माणसांशी थेट जोडलेले असतात. एखाद्या निवाड्यात चार गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्या साक्षी आणि निशाण्या असतात, नांगराची आणि कुऱ्हाडीची चिन्हे असतात, आणि त्यातून गाव अक्षरशः बोलते. तुटलेल्या वस्तीला आजच्या गावाचे नाव देणे ही पुरातत्त्वाची सोय आहे. तिला वारसा म्हणणे मला घाईचे वाटते.

खापरखुणा

सातबारा, आपली शंका रास्त आहे आणि मी वंशाचा दावा करत नाही. इनामगाव हे नाव तर उघडच फार पुढच्या काळातले आहे. पण गावाची आपण केलेली व्याख्या माणसांवर आणि हक्कांवर उभी आहे, आणि नदीकाठच्या गावाला आणखी एक धरून ठेवणारी गोष्ट असते, ती म्हणजे जागा. पाणी जवळ, पण पूर चढणार नाही असा काठ. खाली मळईची आणि मागे काळी जमीन. उतरायला सोपी वाट. अशा जागा एका नदीवर मोजक्याच असतात. म्हणूनच प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा, तापी, गिरणा या नद्यांच्या काठी जुन्या वस्तीवर नवी वस्ती बसलेली वारंवार दिसते. नेवाशाला प्रवरेच्या काठावर अश्मयुगीन हत्यारांपासून ताम्रपाषाणयुग (दगडाबरोबर तांबेही वापरण्याचा काळ), सातवाहन काळ आणि थेट मध्ययुगापर्यंतचे पुरावे एकाच परिसरात मिळाले. तिथल्या माणसांत वंशाची सलगता असेलच असे नाही, पण जागेची निवड पुन्हा पुन्हा तीच झाली. ही निवड का झाली आणि मधेच ती का सोडून दिली गेली, हा मला गावाच्या इतिहासाचा गाभा वाटतो.

महजरांबद्दल आपण लिहिले ते अगदी खरे आहे. मात्र महजर गावातल्या हक्कदारांविषयी बोलतो. ज्यांचा कशावरच हक्क नव्हता त्यांची, आणि लहान मुलांची, साक्ष त्यात नसते. इनामगावच्या मातीत ती आहे.

कोरडवाहू

मी स्वतः शेती करतो, त्यामुळे या धाग्यात मला त्या गावाच्या पाटाविषयी लिहावेसे वाटते. खापरखुणा यांनी तो कसा काय वगळला याचे नवल वाटते, कारण माझ्या मते संपूर्ण उत्खननातली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे.

पूर्व जोर्वे काळात या लोकांनी वस्तीच्या कडेने चिखलात दगडगोटे बसवून एक बांध घातला होता, आणि त्याच्या बाजूने पाट खणला होता. अहवालाप्रमाणे बांध सुमारे २४० मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद. पाट सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. काटकोनी काप धरला तर या पाटातून २,८०० घनमीटर माती निघते. हातात लोखंड नाही. तांबे आहे, पण इतके दुर्मीळ की रोजची पाती गारेच्या जातीच्या दगडाचीच. अशा लोकांनी लाकडी खणत्या, दगडी अवजारे आणि टोपल्यांनी ही माती उपसली. हे एका घराचे काम असूच शकत नाही.

आता शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. शिरूरचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घोड नदीला पाणी येते ते वर, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरात पाऊस झाला म्हणजे. खाली आभाळ कोरडे असतानाही नदी दुथडी वाहू शकते. अशा ठिकाणी पुराचे पाणी वळवून घेता आले तर दोन कामे होतात: वस्तीकडे येणारा लोंढा बाजूला जातो, आणि मळईला ओल मिळते. या लोकांचे मुख्य धान्य सातू होते. सातू, गहू, मसूर ही सगळी पावसाळा ओसरल्यावर जमिनीतल्या ओलीवर येणारी रब्बीची पिके आहेत. त्यामुळे तो पाट त्यांच्या पिकांशी नीट जुळतो.

दुसरे असे की पाट खणून भागत नाही. प्रत्येक पुराबरोबर त्यात गाळ येतो आणि दर वर्षी तो उपसावा लागतो. कोणी किती माणसे द्यायची, कोणाच्या शेताला पाणी आधी जायचे, कोणी अंगचोरी केली तर काय करायचे, हे गावात ठरलेले असल्याशिवाय पाट चार पावसाळेसुद्धा टिकत नाही. खापरखुणा यांनी ज्या पाच खोल्यांच्या घराविषयी लिहिले, त्याचे कोठार आणि हा पाट मी एकत्र वाचतो. ज्याच्या शब्दावर पाट उपसला जात होता, त्याच्याच अंगणात धान्य जमा होत असणार, असा माझा कयास आहे.

मृद्गंध

कोरडवाहू यांचा प्रतिसाद वाचून पाट डोळ्यांपुढे उभा राहिला. मला घरांच्या आतल्या दोन गोष्टींबद्दल लिहायचे आहे.

पहिली मुलांची दफने. इनामगावला दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांत लहान मुलांचीच बहुसंख्या आहे. मूल गेले की घरातच खड्डा घेत, दोन करड्या रंगाची मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवत आणि त्यांच्या आत मुलाला ठेवत. सोबत एखादा वाडगा, एखादे तोटीचे भांडे. मग जमीन सारवून त्याच घरात संसार पुढे चालत असे. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या दोऱ्याचे तंतू तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिले, असे वाचल्याचे स्मरते. लहान मुलांना गावाबाहेर नेले जात नव्हते, त्यांना उंबऱ्याच्या आतच जागा होती, हे मला या खेड्याविषयीचे सर्वांत जवळून कळलेले सत्य वाटते.

दुसरी गोष्ट एका मातीच्या पेटीची. पूर्व जोर्वे काळातल्या एका घराच्या जमिनीखाली लंबगोल, झाकणाची, कच्च्या मातीची पेटी सापडली. आत डोके नसलेली स्त्रीमूर्ती होती. झाकणावर दुसरी, डोके असलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल ठेवलेला होता. आतल्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. दोन्हींत काडी घातली की ती मूर्ती बैलावर नीट उभी राहते. म्हणजे ती करतानाच तशी योजलेली होती. हे सगळे भाजलेले नाही. भाजलेल्या वस्तू वर्षानुवर्षे वापरायच्या असतात. कच्च्या मातीची मूर्ती विधीपुरती करून मग पुरून टाकायची असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती कशासाठी पुजली, अपत्यप्राप्तीसाठी की आजारी लेकरासाठी, याबद्दल तर्कच करता येतील. पण त्याच घरांच्या जमिनीत इतकी मुले पुरलेली असताना असा तर्क मनात येतोच.

प्रौढांची पावले तोडण्याविषयी कोणी अधिक सांगू शकेल का?

खापरखुणा

मृद्गंध, उत्खननकर्त्यांनी मांडलेला अंदाज असा की मृताने घर सोडून जाऊ नये, किंवा त्याचा आत्मा भटकू नये, यासाठी पावले तोडत असावेत. प्रौढांचे दफनही घराच्या किंवा अंगणाच्या जमिनीतच होत असल्यामुळे या अंदाजाला थोडे बळ मिळते. मात्र तो अंदाजच आहे. रांजणातल्या पुरुषाची पावले का ठेवली, याचे उत्तर त्यातून सरळ निघत नाही. त्याला बसवायचे होते म्हणून, की त्याच्याविषयी ती भीती नव्हती म्हणून, हे दोन्ही पर्याय खुले राहतात. त्या रांजणाच्या खाली तशाच चार पायांचा आणखी एक रांजण होता आणि त्यात मानवी सांगाडा नव्हता. ज्याचे शरीर परत मिळाले नाही अशा कोणासाठी ते प्रतीकात्मक दफन असावे, असा विचार अभ्यासकांनी मांडला आहे.

अस्थिशोध

चर्चा अत्यंत चांगली चालली आहे. हे गाव का उठले, या मुद्द्यावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण या प्रश्नाचे एकच उत्तर पाठ्यपुस्तकी पद्धतीने सांगितले जाते आणि ते पुरेसे नाही.

ढवळीकरांचे प्रतिपादन असे होते की इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवामान अधिक कोरडे झाले आणि शेती कोसळली. त्याला आधार देणाऱ्या गोष्टी खऱ्याच आहेत. तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांतली बहुतेक जोर्वे गावे त्याच सुमारास ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात वस्ती टिकली, पण खालावली. इनामगावला उत्तर जोर्वे काळात आयताकृती घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, मातीची भांडी ओबडधोबड झाली, गुरांच्या हाडांचे प्रमाण घटून शेळ्यामेंढ्यांचे वाढले आणि शिकारीवरचा भर वाढला. ढवळीकरांनी त्या गोल झोपड्यांची तुलना फासेपारध्यांच्या पालांशी केली आणि स्थिर शेतकरी अर्धभटके झाले, असा निष्कर्ष काढला. एका ठिकाणच्या एवढ्या पुराव्यांवर इतकी सुसंगत मांडणी करणे हे मोठेच काम होते.

तरीही यावर गंभीर आक्षेप आहेत. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा आणि विशेषतः दातांचा दीर्घ अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांची वाढ तपासली. उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ आधीच्या मुलांच्या तुलनेत खुंटलेली दिसते. म्हणजे गावावर ताण होता हे हाडेही सांगतात. पण त्या ताणाचे कारण केवळ पाऊस कमी होणे हेच होते का, याबद्दल त्यांनी शंका घेतली. हा प्रदेश आधीपासूनच निमकोरडा होता. मग तीच जमीन शेकडो वर्षे कसत राहणे, सरपणासाठी झाडी संपवणे, वाढलेली तोंडे आणि तेवढेच शेत यांचाही वाटा त्यात असू शकतो.

मला व्यक्तिशः दुसरी बाजू अधिक पटते. दुष्काळ एखाद्या वर्षी येतो आणि माणसे काही काळ गाव सोडतात. इथे वस्ती खालावल्यानंतरही तीनशे वर्षे टिकली. तीनशे वर्षे म्हणजे दहा-बारा पिढ्या. इतका काळ जे टिकले त्याला केवळ ऱ्हास म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे. त्यांनी पेरा बदलला, जनावरे बदलली, घराचा आकार बदलला आणि काठ धरून ठेवला.

कोरडवाहू

अस्थिशोध, शेळ्यामेंढ्या वाढल्या हा तपशील माझ्या मते फार बोलका आहे. चारा कमी झाला की आधी मोठे जनावर जाते. गाईबैलांना वैरण साठवून ठेवावी लागते. शेळी काटेरी झुडपावरही जगते आणि लवकर विते. आणि बैल कमी झाले की नांगरट कमी, नांगरट कमी की धान्य कमी, असे चक्र सुरू होते. त्या गावच्या एका भांड्यावर दोन बैलांच्या गाडीचे चित्र कोरलेले मिळाले आहे. बैलाला देवीचे वाहन करणाऱ्या, भांड्यावर गाडी काढणाऱ्या लोकांना बैल मोडावे लागले असतील, तर ते त्यांनी सहजासहजी केले नसणार.

सातबारा

माझ्या आधीच्या आक्षेपाची धार या प्रतिसादांनी बरीच कमी झाली आहे. जमीन तीच, अडचण तीच आणि पर्यायही बरेचसे तेच, हे कोरडवाहू यांच्या लिखाणातून स्पष्ट होते. आता एक व्यावहारिक प्रश्न. इनामगावसारखी टेकाडे इतरत्रही असणार. ती अजून शिल्लक आहेत का?

खापरखुणा

आहेत, पण झपाट्याने कमी होत आहेत. या धाग्यामागची माझी खरी कळकळ हीच आहे.

घोडकाठीच चांडोली येथे १९६० च्या सुमारास उत्खनन झाले आणि तांब्याची कट्यार मिळाली. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्या लहानशा गावाचे नाव तिथल्या काळ्या नक्षीच्या तांबड्या भांड्यांना, पुढे सगळ्या संस्कृतीला मिळाले. श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबादही प्रवरेकाठचेच. ते १९५८ मध्ये उजेडात आले. पण नोंद न झालेल्या पांढऱ्या किती असतील आणि त्यांतल्या किती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेल्या असतील, याचा विचार अस्वस्थ करतो. पांढरीची माती पूर्वापार घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छपरावर, घालायला नेली जात असे, पण ती गाढवावरून, पाटीपाटीने. आता यंत्राने एका दिवसात टेकाड सपाट होते. नदीतल्या वाळूच्या उपशाने काठ ढासळतात आणि काठावरचा थर पाण्यात जातो.

टेकाडातून निघालेली वस्तू जपली म्हणजे इतिहास जपला, असे अनेकांना वाटते. दायमाबादचे उदाहरण त्याला उत्तर आहे. १९७४ मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैल जोडलेला रथ आणि त्यात उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोहून अधिक वजन. भारतीय पुरातत्त्वातला हा अलौकिक ठेवा आहे आणि तो सुखरूप आहे. तरीही त्याचा काळ कोणता, यावर आजही वाद चालू आहे, कारण त्या वस्तू शास्त्रीय उत्खननात, थरांच्या क्रमात मिळाल्या नाहीत. काही अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या, काळातल्या मानतात. धातूतल्या सोमलाच्या (आर्सेनिकच्या) प्रमाणावरून इतरांनी त्यावर शंका घेतली आहे. पुढे तिथे रीतसर उत्खनन झाले, तरी हा वाद पूर्णपणे मिटला नाही. उलट इनामगावच्या कच्च्या मातीच्या पेटीला बाजारात कवडीही मिळाली नसती, पण ती कोणत्या घरात, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती हे नोंदलेले असल्यामुळे तिच्याबद्दल आपण इतके बोलू शकतो.

मृद्गंध

मग शेतात किंवा काठावर खापरे दिसली तर नेमके काय करावे? अनेकांना कळवण्याची भीती वाटते. जमीन अडकेल, असे गावात बोलले जाते.

खापरखुणा

ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करून चालणार नाही. कळवणाऱ्या शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत त्याच्या हक्कांची माहिती देणे हे संबंधित यंत्रणांचे काम आहे.

खापरे उचलू नयेत, निदान सगळी तरी उचलू नयेत. जागा गट क्रमांकासह लिहून ठेवावी. खापराशेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे आणि दुसरे छायाचित्र नदी व टेकाड एकत्र दिसतील असे लांबून घ्यावे. नदीने काठ कापला असेल तर त्या उभ्या कापाचे छायाचित्र फार मोलाचे असते, कारण त्यात राखेचे, मातीच्या जमिनीचे, हाडांचे थर एकावर एक दिसतात. ही माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला पाठवता येते. नाणी, दागिने किंवा मौल्यवान ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

जोर्वे खापर ओळखायला फारसे अवघड नाही. पातळ, चाकावर घडवलेले, तांबडे किंवा नारिंगी, वर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी; टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला मध्यावर स्पष्ट कंगोरा असतो आणि भांड्यांच्या तोट्या सुट्या सापडतात.

कोरडवाहू

आमच्या शिवारात नदीच्या वळणावर एक उंचवटा आहे. तिथे नांगराला खापरे लागतात, हे लहानपणापासून पाहत आलो आहे. त्याची उसाखालची सपाटी करण्याचा विचार शेजारच्या गटात चालू आहे. खापरखुणा यांनी सांगितल्याप्रमाणे या रविवारी काठाच्या कापाची छायाचित्रे घेतो आणि इथेच चढवतो. काळ्या रेघांचे खापर दिसले तर सपाटीपूर्वी संचालनालयाला अर्ज द्यायचा आहे. त्याचा मसुदा करायला सातबारा यांनी मदत केली तर बरे होईल.

सातबारा

अवश्य. गट क्रमांक, फेरफाराचा उतारा आणि गावनकाशाची प्रत काढून ठेवा. अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह गेला तर त्याचे वजन वाढेल, त्यामुळे शेजारच्या गटाच्या मालकांशी छायाचित्रे घेण्याआधीच बोलून घ्यावे, असे सुचवतो.